आनुवंशिकता शिकवायची तर आधी मोजायला लावा

सातवी-आठवीच्या मुलांसमोर पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘जनुक’, ‘गुणसूत्र’, ‘प्रभावी’, ‘अप्रभावी’ असे चार शब्द लिहिले की धडा तिथंच आटपतो. मुलं शब्द पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात आणि डोक्यात जे आधी होतं ते जागचं हलत नाही. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरीच शिकवणी घेते. शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं, सासरी करवीर तालुक्यात थोडा ऊस. त्यामुळं हा धडा माझ्या आवडीचा, आणि तो कसा घ्यावा याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. घरी आई-वडील घेणार असतील तरी क्रम हाच ठेवा: आधी हाताला काम, मग मोजणी, नावं सगळ्यात शेवटी.

मुलांच्या डोक्यात आधी असतं काय? मिसळण. आई उंच, बाबा बुटके, म्हणून मी मध्यम. त्यांच्या मते आई-बाबांचे गुण म्हणजे तांबडा आणि पांढरा रस्सा. एका वाटीत ओतले की तिसराच रंग, मग काही केलं तरी पांढरा परत वेगळा निघत नाही. एकोणिसाव्या शतकात मेंडेल नावाच्या साधूनं वाटाण्यावर दाखवलं ते याच्या बरोबर उलट. पांढरा वेगळा निघतो. एक पिढी दिसेनासा होतो आणि नातवंडांत जसाच्या तसा परत येतो. सगळा खटाटोप ही एवढी गोष्ट पटवायसाठी आहे.

म्हणून उंची, कातडीचा रंग, केस यांनी सुरुवात करू नका. त्यांत कितीतरी जनुकांचा, म्हणजे आई-बाबांकडून येणाऱ्या आणि गुण ठरवणाऱ्या घटकांचा हात असतो, उंचीत तर खाण्यापिण्याचाही. त्यामुळं ते खरोखरच मिसळल्यासारखं दिसतं आणि चुकीची समजूत आणखी पक्की होते. ज्याचे दोनच प्रकार आहेत आणि मधलं काही नाही, असं काहीतरी घ्या. म्हणजे वाटाणाच.

वाटाणे जमवताना

गोल वाटाणा सोपा: किराणा दुकानातला वाळलेला पांढरा वाटाणा पाव किलो. सुरकुतलेला हवा तर मार्केट यार्डाकडं बियाण्याच्या दुकानात भाजीच्या वाटाण्याचं बी मागा. ‘अर्केल’ ही जात सहज मिळते, तिचं बी सुरकुतलेलंच असतं. पण थांबा. पाकिटातल्या बियाण्याला बहुतेक वेळा बुरशीचं औषध चोळलेलं असतं, रंगीत पूड बोटाला लागते. पोरं दिसेल ते तोंडात टाकतात, तेव्हा हे दाणे पारदर्शक डबीत घालून झाकणाला चिकटपट्टी लावूनच हातात द्या.

थंडीच्या दिवसांत दुसरा मार्ग आहे, आणि तो मला जास्त आवडतो. मंडईतून शेंगा आणताना जून, पिवळट पडायला आलेल्या शेंगा वेगळ्या काढून घ्या. भाजीवाली अशा शेंगा आनंदानं देते, तिला त्या खपवायच्याच असतात. दाणे सोलून ताटात पसरा, गच्चीवर उन्हात ठेवा. रोज संध्याकाळी मुलांनी बघायचं. गोड जातीचा दाणा हळूहळू आत ओढला जातो, सालीला घड्या पडतात. कोवळे दाणे मात्र घेऊ नका. कोवळा दाणा कुठल्याही जातीचा असला तरी आक्रसतोच आणि मग सगळाच घोटाळा होतो.

दाणा कशामुळं सुरकुततो, हे सांगायला पाच मिनिटं काढा, कारण ‘प्रभावी’ या शब्दाचा सगळा गोंधळ इथं सुटतो. गोल दाण्यात एक एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन) असतं, ते साखरेपासून नीट बांधणीचं स्टार्च तयार करायला मदत करतं. सुरकुतलेल्यात ते एन्झाइम नाही. साखर तशीच राहते, ती पाणी ओढून घेते, ओला दाणा टम्म फुगतो आणि वाळताना पाणी गेलं की साल सैल पडून घड्या पडतात. १९९० मध्ये यामागचं कारणही सापडलं: हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या मधेच डीएनएचा, म्हणजे जनुकं ज्याची बनलेली असतात त्या रसायनाचा, एक जादा तुकडा घुसून बसलाय, त्यामुळं जनुक कामाचं राहिलेलं नाही. दाण्यात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्हींतली एक जरी धड असली तरी एन्झाइम पुरेसं होतं आणि दाणा गोल राहतो. प्रभावी म्हणजे एवढंच. त्यात ताकद, श्रेष्ठपणा, ‘जास्त लोकांत असणं’ यातलं काही नाही. मटार उसळीचा गोडवा आपण ज्याला अप्रभावी म्हणतो त्या जनुकाचा आहे, हे सांगितलं की पोरं बरोबर लक्षात ठेवतात.

मेंडेलची गोष्ट मी लांबवत नाही. जन्म १८२२, आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो गावातल्या मठात साधू, १८५६ ते १८६३ अशी वर्षं मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग, निबंध छापून आला १८६६ मध्ये आणि १९०० पर्यंत त्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. एवढं पुरे. त्यानं दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय केलं, तर दाणे मोजले. म्हणून आता मोजायचं.

दोन नाणी आणि एक वही

मुलांच्या जोड्या करा. प्रत्येकाकडं एक रुपयाचं एक नाणं. एक जण आईचं झाड, दुसरा बापाचं. छापा म्हणजे गोलचं जनुक, काटा म्हणजे सुरकुतीचं. दोन्ही झाडांकडं एकेक छापा, एकेक काटा आहे. म्हणजे झाडं स्वतः गोल दाण्यातून उगवलेली, पण आत सुरकुती लपलेली. दोघांनी एकदम नाणं उडवायचं. जे पडेल तो एक दाणा. वहीत तीन रकाने: छापा-छापा, छापा-काटा, काटा-काटा. एकही छापा असला तर दाणा गोल, दोन्ही काटे पडले तरच सुरकुतलेला. प्रत्येक जोडीनं वीस दाणे करायचे.

खरी मजा वीस झाल्यावर. एका जोडीचे अठरा गोल आणि दोनच सुरकुतलेले, शेजारच्यांचे बारा आणि आठ. ‘मॅडम, ह्यांनी चिटिंग केलंय!’, ‘आमचं नाणंच बाद आहे.’ भांडू द्या. अजिबात उत्तर देऊ नका. सगळ्या जोड्यांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि बेरीज एखाद्या मुलाला करायला सांगा. दहा जोड्या असल्या तर दोनशे दाणे होतात, आणि बेरीज दीडशे-पन्नासच्या आसपास येऊन बसते. दरवेळी बरोबर नाही, पण आसपास. मग मेंडेलचे आकडे लिहा: गोल ५४७४, सुरकुतलेले १८५०. भागाकार मुलांनीच करायचा, कॅल्क्युलेटर नाही. २.९६ येतात. पिवळे ६०२२, हिरवे २००१. इथं ३.०१. दाणे जितके जास्त तितकं उत्तर तिनाच्या जवळ, हे त्यांनी फळ्यावर स्वतः बघितलेलं असतं, त्यामुळं ३:१ हे पाठ करायचं प्रमाण उरत नाही. घरी एकच मूल असेल तर शंभर दाणे करा, आणि दर वीस दाण्यांनंतर आतापर्यंतची बेरीज मांडा.

लगेच पुढं जाऊ नका. गोल दाण्यांचे दोन रकाने आहेत ना, ते परत बघायला लावा. बाहेरून सगळे सारखे. आत? छापा-छापा साधारण एक तृतीयांश, छापा-काटा दोन तृतीयांश. मेंडेलला दाण्याच्या आत बघता येत नव्हतं, मग त्यानं काय केलं असेल? जरा वेळ द्या, कुणीतरी म्हणतंच, ‘पेरून बघितलं असंल.’ अगदी तसंच. गोल दाण्यांपासून ५६५ झाडं वाढवली. त्यातल्या १९३ झाडांना नुसते गोल दाणे आले, ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेले दोन्ही. वहीतल्या रकान्यांशी ताडून बघा म्हणावं.

आता नावं द्या. नाण्याची बाजू म्हणजे जनुकाचं रूप. छापा प्रभावी, काटा अप्रभावी. आई-बापाच्या जनुकांच्या जोड्या मांडायला वही-पेनानं चौकट काढायची असेल तर इंग्रजी अक्षरांच्या भानगडीत पडू नका, ‘गो’ आणि ‘सु’ लिहा. बाकीचे जड शब्द नववीत येणारच आहेत.

एक गोष्ट या खेळातच उरकून घ्या. सलग चार गोल आले की पोरं ओरडतात, ‘आता सुरकुतलेलाच पडणार!’ नाण्याला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक दाणा नव्यानं. हे इथं पटलं तर पुढचा भाग सोपा जातो.

मुलगा की मुलगी

जनुकं ज्या धाग्यांवर असतात ती गुणसूत्रं. माणसाच्या पेशीत ती ४६, म्हणजे २३ जोड्या. त्यातल्या एका जोडीवर मुलगा की मुलगी हे ठरतं. आईकडं दोन्ही एक्स, म्हणून ती एक्सच देणार. वडिलांकडं एक एक्स, एक वाय. म्हणजे एकच नाणं उडतं, आणि ते वडिलांचं. एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या खेपेला मुलगा होण्याची शक्यता वाढत नाही, हे मघाच्या नाण्यावरून पोरं आपणच सांगतात.

आपल्या जिल्ह्यात हे शिकवताना मी आकडाही सांगते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. निसर्गाचं नाणं एवढं वाकडं पडत नाही. ज्या घरात मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावतात, त्याच घरातली पोरं माझ्यासमोर बसलेली असतात. जीवशास्त्राच्या तासाला यावर गप्प बसणं मला जमत नाही.

जीभ वळवणं आणि पैलवानाचा कान

बऱ्याच पुस्तकांत जीभ वळवता येणं आणि कानाची पाळी चिकटलेली असणं ही एका जनुकाची उदाहरणं म्हणून देतात. वर्गात मजा येते हे खरं, सगळे जिभा बाहेर काढून बसतात. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला नाही, असं आढळलंय. दोघांची जनुकं तीच, मग एकच जनुक सगळं ठरवतं हे कसं चालेल? कानाची पाळीही सुटी किंवा चिकटलेली अशी दोनच प्रकारची नसते, मधलेही कितीतरी असतात. तेव्हा आपल्यात किती फरक आहेत हे बघायला ही उदाहरणं वापरा, ३:१ शिकवायला नको. आई-बाबांना वळवता येत नाही आणि पोराला येते, एवढ्यावरून घरात नको ते प्रश्न उभे राहतात.

त्याच कारणानं ‘आपल्या घराची वंशावळ काढून आणा’ हा गृहपाठ मी कधीच देत नाही. वर्गात कुणी दत्तक असतं, कुणाच्या आईचं दुसरं लग्न असतं. कागदावर एक काल्पनिक कुटुंब काढा, चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, आणि मुलांनाच नावं ठेवू द्या. रक्तगटही याच कुटुंबात भरा. तिथं जनुकाची तीन रूपं असतात, ए, बी आणि ओ. ए आणि बी एकत्र आले तर दोन्ही दिसतात, कुणीच लपत नाही. ओ मात्र दोघांच्याही मागं लपतो, म्हणून ए गटाची आई आणि बी गटाचे वडील यांना ओ गटाचं मूल होऊ शकतं.

जे पुढच्या पिढीत जात नाही त्याचं उदाहरण कोल्हापुरात शोधावं लागत नाही. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे कान बघितलेत? लढतीत घासून, दाबून कानाच्या कुर्च्यात रक्त साकळतं, मग तो गाठीसारखा घट्ट आणि वेडावाकडा होतो. पोरांना विचारा, आजोबा पैलवान, वडील पैलवान, दोघांचे कान मोडलेले. बाळाचा कान कसा असणार? अगदी बारकीही हसत सांगतात की साधाच. का, हे मात्र थोडं थांबून: कान मोडला तो कानाच्या पेशींत. बाळ तयार होतं ते शुक्रपेशी आणि अंडपेशीपासून, त्यांना या मोडलेल्या कानाची खबरच नसते. मग कुणीतरी विचारतंच, ‘मग पैलवानाचा पोरगा पैलवान का होतो?’ अंगकाठी काही प्रमाणात वारशानं येते. पण पहाटेचं उठणं, जोर-बैठका, थंडाई आणि खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती बघत बसणारे वडील हे जनुकांतून येत नाही, घरातून येतं. दोन्ही वेगळं ओळखता आलं की झालं.

मामाची मुलगी

हा प्रश्न आठवीत हमखास येतो, कारण आपल्याकडं मामा-आत्याच्या मुलांत लग्नं पूर्वापार होत आलीत. वर्गातल्या काही जणांचे आई-वडील तसे असतात, म्हणून जपून बोला, पण बोला. सख्ख्या मामाच्या किंवा आत्याच्या मुलांत साधारण एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. आजोबांकडं एखादा ‘काटा’ लपलेला असेल, म्हणजे एखाद्या आजाराचं अप्रभावी जनुक, तर तो दोघांकडंही असण्याची शक्यता वाढते, आणि मग मुलात काटा-काटा एकत्र येऊ शकतो. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, अशा लग्नांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरातली नव्वदच्या वर बाळं धडधाकटच. हे दोन्ही आकडे एकत्र सांगा. नुसता पहिला सांगितला तर मुलांना काही वाटत नाही, नुसतं ‘दुप्पट’ म्हटलं तर एखादं पोर घरी जाऊन रडतं.

उसाचा फड

वाटाणा बियांतून येतो, ऊस टिपरीतून, म्हणजे उसाच्याच तुकड्यातून. हा फरक दाखवायला गावाकडं जायची संधी सोडू नका. लागणीच्या वेळी दोन डोळ्यांची टिपरी हातात द्या, डोळा म्हणजे पेरावरचा कोंब दाखवा. या डोळ्यातून येणारा ऊस म्हणजे त्याच उसाची नक्कल, आई-बाप असं काही नाहीच. ‘८६०३२’ म्हणून जिकडंतिकडं लावलेली जात म्हणजे त्या एकाच रोपाचा डोळ्याडोळ्यांनी वाढवलेला विस्तार. आता पोरांना बांधावरून दाखवा: नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस मनगटाएवढा जाड, माळावरचा तोच वाण बोटाएवढा. जनुकं तीच, फरक पाण्याचा आणि मातीचा. एवढं दाखवल्यावर ‘परिस्थितीचा परिणाम’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग नवी जात येते कुठून? तुऱ्यातून. तुरा आला की वजन आणि साखर घटते म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो. पण तुरा म्हणजे उसाचं फूल, आणि संकर करायचा तर फूलच लागतं. कोईमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून हेच काम करते. तिथंच १९३० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. आताच्या उसाच्या पेशीत गुणसूत्रं शंभराच्या वर असतात. माणसात ४६, वाटाण्यात १४. ‘जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त हुशार’ असं मानणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

केळ्यातला डीएनए

हे शेवटी घ्या. आधी घेतलं तर मुलं पांढऱ्या धाग्यातच रमतात आणि पुढचं ऐकत नाहीत. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पूर्ण कुस्करा. अर्धा कप पाण्यात भांडी घासायचं लिक्विड एक चमचा आणि मीठ पाव चमचा हलक्या हातानं ढवळा, फेस नको. ते केळ्यात ओतून पाच-दहा मिनिटं ठेवा. लिक्विडमुळं पेशींची आवरणं विरघळतात, मिठामुळं डीएनए एकत्र यायला मदत होते. मग पातळ सुती कापडातून गाळा. पिळू नका, थेंब थेंब पडू दे. काचेच्या अरुंद ग्लासात दोन बोटं रस घ्या. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आधीच बर्फाच्या भांड्यात बाटलीसकट गार करून ठेवलेलं असावं. ते ग्लास तिरका धरून कडेनं हळूच सोडा, रसावर वेगळा थर राहिला पाहिजे. गॅस बंद, उदबत्ती, निरांजन काही पेटलेलं नको, आणि ओतायचं मोठ्यांनीच.

दोन-तीन मिनिटांत दोन थरांच्या मधे पांढरट, शेंबडासारखे धागे वर चढायला लागतात. झाडूच्या काडीवर गुंडाळून उचला. हा निव्वळ डीएनए नाही, त्यात केळ्यातलं पेक्टिन आणि प्रथिनंही गुंतलेली असतात, हे सांगून टाका. आणि ‘दुहेरी गोफ (पुस्तकात दिसते ती डीएनएची पिळलेल्या शिडीसारखी रचना) कुठं आहे?’ असं विचारलं तर सांगा की तो सूक्ष्मदर्शकातूनही असा दिसत नाही. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रांचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये त्याची रचना मांडली.

समजलंय का, हे बघायला

व्याख्या विचारू नका. दोन सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या झाडांचा संकर केला तर गोल दाणा येईल का, ते विचारा. नाही. दोन गोलांपासून सुरकुतलेला? येऊ शकतो, दोन्हींत काटा लपला असेल तर. मग तिसरा: तुझ्या हातातल्या गोल दाण्यात सुरकुती लपलीय का, हे कसं ओळखशील? तो पेरून त्याच्या झाडाचा सुरकुतलेल्या वाटाण्याच्या झाडाशी संकर करायचा, हे उत्तर मुलानं स्वतः काढलं तर त्याला शाबासकी द्या आणि परत दोन नाणी हातात द्या. एक नाणं काटा वर करून ठेवायचं, उडवायचं फक्त दुसरं. लपलेली असेल तर साधारण निम्मे दाणे सुरकुतलेले निघतात, नसेल तर एकही नाही. किती दाणे सलग गोल निघाले म्हणजे ‘नाही लपलेली’ असं खात्रीनं म्हणायचं? ते उत्तर देऊ नका, त्यांना नाणं उडवत बसू द्या.